स्वस्त तिकिटाच्या शर्ती

प्रवासाचे भाडे अंतरावरून ठरते, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचा प्रसंगही आपल्यावर सहसा येत नाही. एस.टी.च्या वाहकाने सहा किलोमीटरांचा एक याप्रमाणे टप्पे मोजून तिकीट द्यावे, रेल्वेच्या खिडकीवर किलोमीटरांच्या कोष्टकावरून भाडे आकारले जावे, आणि शेजारच्या आसनावरील प्रवाशानेही आपल्याइतकेच पैसे मोजले असतील याविषयी आपण निःशंक असावे, हा आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. म्हणूनच दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या खासगी बसचे भाडे अवाच्या सवा वाढते, किंवा राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांत २०१६ पासून दर दहा टक्के आसने विकली गेली की पुढच्या आसनांचा दर चढतो, तेव्हा आपल्याला तो रिवाजाचा भंग वाटतो. परंतु ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी म्युनिकला, लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला गेली आहेत आणि जे त्यांच्या भेटीच्या निमित्ताने युरोप पाहून येण्याचा बेत करीत आहेत, त्यांनी निघण्यापूर्वी हे जाणून घेतले पाहिजे की आपण ज्याला भंग समजतो तोच तेथे नियम आहे. म्युनिकहून बर्लिनला जाणाऱ्या एकाच गाडीच्या, एकाच वर्गाच्या तिकिटाला दोन महिने आधी वीस-तीस युरो पडू शकतात आणि आदल्या दिवशी शंभराहून अधिक. आणि हे दोन्ही दर त्या रेल्वेच्या लेखी सारखेच न्याय्य असतात.

या तफावतीमागे काहीतरी गूढ आहे, ते जाणणाऱ्या थोड्या चतुर लोकांनाच स्वस्त तिकीट मिळते, आणि बाकीच्यांनी दैवावर हवाला ठेवावा, असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्यात गूढ असे काही नाही. तेथील स्वस्त तिकीट हा एक करार आहे. प्रवासी आपल्या स्वातंत्र्याचा काही अंश, म्हणजे बेत बदलण्याची, वेळ बदलण्याची किंवा पैसे परत मागण्याची मुभा, वाहतूकदाराच्या स्वाधीन करतो आणि त्याच्या मोबदल्यात त्याला भाड्यात सूट मिळते. आपल्याजवळ यांपैकी कोणती मुभा देऊन टाकण्याजोगी आहे आणि कोणती मुळीच देता येण्याजोगी नाही, एवढे ज्याला स्पष्ट कळले त्याला स्वस्त प्रवासाचे बहुतेक सर्व शास्त्र कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे शास्त्र मुळात युरोपीय रेल्वेचे नव्हे. आगगाडीच्या आरंभीच्या काळात तेथेही भाडे मैलावरच ठरत असे आणि ते गरिबाला परवडावे यासाठी राजसत्तेला हस्तक्षेप करावा लागला होता. १८४१ च्या जुलै महिन्यात टॉमस कुक या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसांना माणशी एक शिलिंगात आगगाडीने नेऊन आणले, आणि समूहाने प्रवास केला तर भाडे उतरते, हे जगाच्या निदर्शनास आले. पुढे तीनच वर्षांनी, १८४४ मध्ये, ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश पार्लमेंटने असा कायदा केला की प्रत्येक कंपनीने रोज निदान एक गाडी अशी सोडावी, जीत तिसऱ्या वर्गाच्या उतारूला मैलाला एक पेनी या दराने, ऊनपावसापासून आडोसा असलेल्या डब्यात, बसावयास जागा मिळून, ताशी किमान बारा मैलांच्या सरासरी वेगाने जाता येईल. प्रवास ही केवळ धनिकांची चैन नसून सामान्य जनांचीही गरज आहे, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. आणि मैलामागे ठरावीक दर ही कल्पना पुढे दीर्घकाळ टिकली.

तिला धक्का बसला तो अमेरिकेतील विमान कंपन्यांकडून. १९७८ मध्ये तेथील सरकारने विमानभाड्यांवरील नियंत्रण उठविले, आणि नव्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी गणकयंत्रांच्या साहाय्याने प्रत्येक आसनाची किंमत मागणीप्रमाणे चढउतार करण्याची पद्धत सिद्ध केली. तिचा आधार अगदी साधा आहे. मंडईत सायंकाळी उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी निम्म्या दराने का होईना विकता येते. सुटलेल्या गाडीतील रिकामे आसन मात्र कोणत्याही दराने पुन्हा विकता येत नाही. म्हणून ज्याला घाई नाही, जो आठवडे आधी बेत ठरवतो आणि दर चढा असेल तर घरीच राहतो, त्याला कमी दराने बोलावून घ्यावे, आणि ज्याला कामानिमित्त उद्या सकाळीच पोहोचणे भाग आहे त्याच्याकडून पुरेपूर दाम घ्यावे, हे या पद्धतीचे सूत्र झाले. फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेने एका अमेरिकन विमान कंपनीच्या आरक्षण-यंत्रणेवर बेतलेली ‘सोक्रात’ नावाची व्यवस्था १९९३ मध्ये आणली, तेव्हा तेथील प्रवाशांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. परंतु व्यवस्था राहिली आणि पश्चिम युरोपातील जलद गाड्यांनी कमीअधिक प्रमाणात तिचाच अंगीकार केला.

आता हा करार प्रत्यक्षात कसा असतो ते जर्मनीच्या उदाहरणावरून पाहू, कारण तेथील वर्गवारी स्पष्ट आहे आणि मराठी कुटुंबांचा संबंधही त्या देशाशी अलीकडे वाढला आहे. जर्मन रेल्वेची लांब पल्ल्याची तिकिटे मुख्यतः तीन प्रकारची असतात. सर्वांत महाग असते ते ‘फ्लेक्सप्राइस’. त्यावर त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीने जाता येते आणि परताव्याच्या शर्तीही तुलनेने सैल असतात. त्याखालचे ‘श्पारप्राइस’ ठरावीक गाडीपुरतेच बांधलेले असते, मात्र मुदतीत रद्द केल्यास काही शुल्क वजा होऊन उरलेली रक्कम पुढील प्रवासासाठी वळती करता येते. सर्वांत स्वस्त ‘सुपर श्पारप्राइस’. तेही ठरावीक गाडीचेच, आणि एकदा घेतले की रद्द करण्याची सोय नाही. स्वस्त प्रकाराची तिकिटे प्रत्येक गाडीत मर्यादित संख्येने ठेवलेली असतात आणि ती संपत जातात तसतसा दर वरच्या पायरीवर जातो, म्हणून आगाऊ खरेदीला महत्त्व. शुक्रवारची सायंकाळ आणि रविवारची दुपार यांना मागणी मोठी असल्याने त्या वेळी पायऱ्या लवकर चढतात. मंगळवारी वा बुधवारी दुपारी निघणाऱ्यास तेच अंतर पुष्कळ कमी दरात कापता येते. निवृत्त प्रवाशाजवळ वार बदलण्याची मुभा विपुल असते, आणि तिचे मोल तेथे रोख रकमेत मिळते.

येथे दोन गोष्टी आपल्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की जर्मनीत दुसऱ्या वर्गाचे तिकीट आणि आसनाचे आरक्षण या स्वतंत्र बाबी आहेत. आरक्षणाचे शुल्क निराळे भरले नाही तर गाडीत चढण्याचा हक्क असतो, बसण्याचा नसतो, आणि गर्दीच्या वेळी चार तास उभे राहण्याची पाळी येऊ शकते. ज्येष्ठांनी ही काटकसर करू नये. दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. गाडीशी बांधलेले तिकीट हे दोन्ही पक्षांवर बंधनकारक असते, आणि मुक्कामी पोहोचण्यास वीस मिनिटांहून अधिक उशीर होणार असे दिसू लागले की प्रवाशावरील ते बंधन सुटते. मग त्याला त्याच मार्गाच्या दुसऱ्या गाडीने जाता येते. जर्मन गाड्यांच्या वक्तशीरपणाचा लौकिक अलीकडे ओसरला असल्यामुळे हा नियम ठाऊक असणे अगत्याचे आहे. याखेरीज संपूर्ण युरोपीय संघात असा कायदा आहे की मुक्कामी साठ मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तास वा अधिक उशीर झाल्यास निम्मे भाडे प्रवाशाला परत मागता येते. अस्मानी संकटासारखे काही अपवाद त्यात आहेत. मात्र भरपाई आपणहून कोणी आणून देत नाही; तिच्यासाठी विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो.

ज्याला आगाऊ बेत करणे शक्य नाही त्याच्यासाठी तेथे काहीच सोय नाही असे मात्र समजू नये. जलद गाड्यांचे भाडे चंचल असले तरी जवळच्या पल्ल्याच्या प्रादेशिक गाड्यांचे भाडे बहुतेक देशांत स्थिरच असते, आणि त्यांच्यासाठी महिनाभर आधी तिकीट काढून ठेवण्यात काही लाभ नसतो. जर्मनीत २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने दरमहा नऊ युरोंत देशभर प्रादेशिक गाड्यांनी व शहरी वाहनांनी फिरण्याची योजना निघाली, आणि तिच्याच अनुभवावरून मे २०२३ पासून ‘डॉइचलांड-तिकीट’ सुरू झाले. आरंभी त्याचे मासिक मूल्य एकोणपन्नास युरो होते, २०२५ पासून ते अठ्ठावन्न झाले आणि २०२६ च्या आरंभी त्रेसष्ट. जलद ‘आयसीई’ गाड्यांत ते चालत नाही; पण ज्यांना मुलाकडे महिनाभर राहून आसपासची गावे सावकाश पाहावयाची आहेत, त्यांना शहरातील बस-ट्रामपासून प्रादेशिक गाडीपर्यंत सर्व काही त्यात मिळते. फक्त एक पथ्य पाळावे: हे तिकीट वर्गणीच्या स्वरूपात विकले जाते, आणि वेळेत रद्द केले नाही तर आपण मायदेशी परतल्यावरही खात्यातून रक्कम वजा होत राहते.

एकाच दिवसाची सहल करावयाची असेल तर प्रांतवार दिनतिकिटे याहूनही सोयीची पडतात. बव्हेरिया प्रांताचे ‘बायर्न-तिकीट’ घ्या. आईवडील, मुलगा, सून आणि मोठी नात असे पाच जण त्या एकाच तिकिटावर जाऊ शकतात; माणसे वाढली तरी माणशी खर्च उतरत जातो; आणि सीमा ओलांडून ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपर्यंतही ते चालते. शर्त एवढीच की आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी नवाच्या आधी निघावयाचे नाही. म्युनिकच्या फलाटावर नऊ वाजून काही मिनिटांनी सुटणाऱ्या प्रादेशिक गाडीत परदेशी पाहुण्यांसह कुटुंबेच्या कुटुंबे चढतात, ती याच शर्तीमुळे. जलद गाडीपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. पण त्या वाटेवर आल्प्स पर्वताची शिखरे खिडकीत उगवत जातात, आणि सहलीला निघालेल्यास तो विलंब तोट्याचा वाटत नाही.

ब्रिटनची व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे खासगीकरण झाले, अनेक कंपन्या अस्तित्वात आल्या आणि जुन्या-नव्या दरपत्रकांचे थर एकमेकांवर साचत गेले. कोणत्याही वेळेचे, बिनगर्दीच्या वेळेचे आणि ठरावीक गाडीचे आगाऊ, असे तिकिटांचे तीन ढोबळ वर्ग तेथेही आहेत. आगाऊ तिकिटे साधारणतः बारा आठवडे आधी खुली होतात. परंतु तेथील दोन खास सोयी आपल्या वाचकांना फारशा ठाऊक नसतात. पहिली सवलतपत्राची. साठी ओलांडलेल्या प्रवाशासाठी, एकत्र प्रवास करणाऱ्या दोघांसाठी, मुलांसह जाणाऱ्या कुटुंबासाठी आणि तरुणांसाठी निरनिराळी ‘रेलकार्डे’ असतात. पस्तीस पौंड भरून वर्षभराचे कार्ड घेतले की बहुतेक प्रवासांवर भाड्याचा तिसरा हिस्सा वाचतो. आणि ती घेण्यासाठी ब्रिटिश नागरिक असावे लागत नाही. लंडनहून एडिंबरोला एकदा जाऊन आले तरी अनेकदा कार्डाचा खर्च भरून निघतो. मात्र कार्डाच्या प्रकारानुसार सकाळच्या गर्दीच्या वेळेचे निर्बंध असतात, उदाहरणार्थ जोडीच्या कार्डाला कामाच्या दिवशी साडेनऊपूर्वी सूट मिळत नाही, तेवढे पाहून घ्यावे.

दुसरी सोय तिकीट तोडून घेण्याची. ब्रिस्टलहून लंडनला सकाळच्या गाडीने जाणाऱ्याने थेट तिकीट घेण्याऐवजी ब्रिस्टल ते डिडकट आणि डिडकट ते लंडन अशी दोन तिकिटे घेतली तर त्यांची बेरीज थेट भाड्याहून कमी भरते, हे तेथील नित्य प्रवाशांत फार दिवसांपासून सर्वश्रुत आहे. गर्दीच्या वेळेचे निर्बंध आणि दराच्या मर्यादा निरनिराळ्या टप्प्यांना निरनिराळ्या लागू झाल्याने ही विसंगती निर्माण झाली. प्रवाशाला गाडीतून उतरावे लागत नाही, जागाही बदलावी लागत नाही. गाडी डिडकटला थांबणारी असली की झाले. यात आडमार्ग काही नाही, रेल्वेच्या प्रवासविषयक शर्तींतच तशी स्पष्ट मुभा दिलेली आहे. त्याचप्रमाणे ब्रिटनमध्ये कोणत्याही रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीचे तिकीट मिळते आणि सामान्यतः त्यावर अधिक शुल्क लागत नाही, म्हणून दलालीचे शुल्क लावणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही.

इटली आणि स्पेन या देशांत याच्या उलट वहिवाट आहे. इटलीत २०१२ पासून ‘इटालो’ ही खासगी जलद गाडी सरकारी ‘फ्रेच्चारोस्सा’शी स्पर्धा करते, स्पेनमध्ये २०२१ पासून ‘उईगो’ आणि २०२२ पासून ‘इरियो’ या कंपन्या माद्रिद–बार्सिलोनासारख्या मार्गांवर उतरल्या आणि तेथील दर लक्षणीयरीत्या खाली आले. पण प्रत्येक कंपनी आपापलीच तिकिटे विकते, त्यामुळे एकीचे दरपत्रक पाहून समाधान मानणारा प्रवासी दुसरीची स्वस्त गाडी हमखास चुकतो. सीमेपलीकडे जाणाऱ्या गाडीचे तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वे विकत असतील, तर दोन्हींकडे भाव पाहावा. प्राग–बर्लिन मार्गावर चेक रेल्वेकडे घेतलेले तिकीट जर्मन रेल्वेकडील तिकिटापेक्षा अनेकदा स्वस्त पडते. अशी बारीकसारीक माहिती एकत्र करण्याचे मोठे काम मार्क स्मिथ या माजी ब्रिटिश रेल्वे अधिकाऱ्याने २००१ पासून ‘सीट सिक्स्टी वन’ या आपल्या संकेतस्थळाद्वारे चालविले आहे, आणि जगभरच्या प्रवाशांवर त्याचे ऋण आहे.

आपल्याकडील पर्यटकांचा ओढा बहुधा पासांकडे असतो, कारण एकदा पैसे भरले की निश्चिंती, हा विचार मनाला सुखावतो. युरोपबाहेरील रहिवाशांसाठी १९५९ साली निघालेला ‘युरेल’ पास आज तेहेतीस देशांत चालतो. अठ्ठाविशीच्या आतील तरुणांना आणि साठीपुढील ज्येष्ठांना त्यात सूट आहे, आणि बारा वर्षांखालील दोन मुले एका प्रौढाबरोबर विनामूल्य येऊ शकतात. ज्याला रोज नवे गाव गाठावयाचे आहे, आणि आज उठून कोठे जावे हे आजच ठरविण्यात ज्याला आनंद आहे, त्याला हा पास वरदान ठरतो. परंतु फ्रान्सच्या ‘टीजीव्ही’ गाड्या, ‘युरोस्टार’, इटली-स्पेनच्या जलद गाड्या आणि रात्रीच्या शयनगाड्या यांत पासधारकालाही आरक्षण सक्तीचे असते. त्याला प्रत्येक वेळी दहा-वीस युरो, कोठे कोठे त्याहूनही अधिक, मोजावे लागतात. आणि काही गाड्यांत पासधारकांसाठी ठेवलेली आसने थोडी असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांतील बहुतेक दिवसाच्या गाड्यांत ही सक्ती नसल्यामुळे तेथे पासाचा खरा उपयोग होतो. तीन-चार शहरांचा बेत आधीच पक्का असेल, तर सुटी आगाऊ तिकिटे बहुधा पासापेक्षा स्वस्त पडतात.

पास घेण्यापूर्वी कागदावर बेरीज करणे किती आवश्यक आहे, ते जपानच्या उदाहरणावरून दिसते. केवळ परदेशी पाहुण्यांसाठी असलेल्या ‘जपान रेल पास’चे सात दिवसांचे मूल्य २९,६५० येन होते, तेव्हा तोक्यो–क्योतो अशी एक फेरी आणि आणखी एखादा प्रवास केला की तो वसूल होत असे. ऑक्टोबर २०२३ पासून ते ५०,००० येन झाले. तोक्योहून क्योतोला बुलेट ट्रेनने एका वेळचे भाडे सुमारे १४,००० येन पडते. म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. एवढाच बेत असणाऱ्याने जुन्या ऐकीव माहितीवर पास घेतला, तर तो २२,००० येन व्यर्थ खर्च करील.

आता मोटारीच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसच्या प्रवासाकडे वळू. युरोपातील अनेक देशांनी रेल्वेच्या रक्षणासाठी बसवर कडक निर्बंध घातले होते. जर्मनीत तर १९३० च्या दशकातील कायद्यामुळे, बर्लिनचा अपवाद वगळता, रेल्वेशी स्पर्धा करणारी बस काढता येत नसे. तो निर्बंध १ जानेवारी २०१३ रोजी उठला. फ्रान्सने २०१५ मध्ये, तत्कालीन अर्थमंत्री एमान्युएल माक्राँ यांच्या कायद्याने, हेच केले. म्युनिकमध्ये तीन तरुणांनी उभारलेल्या ‘फ्लिक्सबस’ने या संधीचा असा लाभ घेतला की काही वर्षांतच तिच्या हिरव्या गाड्या युरोपभर दिसू लागल्या, आणि २०२१ मध्ये तिने अमेरिकेतील जुनी ‘ग्रेहाउंड’ कंपनीही विकत घेतली. तिच्या बहुतेक गाड्या तिच्या मालकीच्या नसून स्थानिक बसमालकांच्या असतात. वेळापत्रक, दर आणि विक्री एवढे ती सांभाळते. ब्रिटनमध्ये ‘नॅशनल एक्सप्रेस’चे जाळे आहे, आणि १९३२ साली बांधलेले लंडनचे व्हिक्टोरिया कोच स्टेशन आजही त्या प्रवासाचे केंद्र आहे.

बसचे भाडे आगगाडीच्या आगाऊ भाड्यापेक्षाही बहुधा कमी असते, आणि ऐनवेळी निघणाऱ्यास तर तिच्यासारखा आधार नाही. पण तिचा हिशेब करताना केवळ तिकिटाचा आकडा पाहू नये. लंडन ते पॅरिस हे अंतर ‘युरोस्टार’ सव्वादोन-अडीच तासांत कापते, बसला त्यासाठी आठ-नऊ तास लागतात. रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे भाडे वाचते हे खरे. परंतु त्या बसमध्ये आपल्याकडील स्लीपर कोचसारखी आडवे होण्याची सोय सहसा नसते, आणि मध्यरात्री सीमेवर कागदपत्रांची तपासणी झाली तर झोपेचा भंग होतो तो वेगळाच. बस पहाटे साडेचारला शहराच्या कडेच्या स्थानकावर उतरवून देणार असेल आणि तेथून घरापर्यंत टॅक्सीच करावी लागणार असेल, तर वाचलेले वीस युरो तेथेच संपतात. सामानाचेही तसेच. बसच्या तिकिटात सामान्यतः वीस किलोंपर्यंतची एक मोठी बॅग आणि एक हातातली पिशवी एवढ्याचीच तजवीज असते. मुंबईहून विमानाने जाताना आपण दोन-दोन मोठ्या बॅगा भरून लाडू, चिवडा, भाजणी, मसाले घेऊन जातो. ते सर्व घेऊन बसने पुढे जावयाचे असेल, तर जादा बॅगेचे पैसे तिकिटाबरोबरच भरावेत, कारण ऐनवेळी जागा असेलच याची शाश्वती नाही.

भारतीय प्रवाशाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे, ज्याचा विचार युरोपीय लेखकांच्या सल्ल्यात सापडत नाही, तो व्हिसाचा. तेथील नागरिक तीन महिने आधी परतावा नसलेले तिकीट निर्धास्तपणे घेतो, कारण त्याला कोणाच्या अनुज्ञेची वाट पाहावयाची नसते. आपल्याला व्हिसा मिळेल की नाही, आणि मिळाला तर कोणत्या तारखेला हाती येईल, हे आपल्या स्वाधीन नाही. म्हणजे परताव्याची मुभा ही नेमकी अशी मुभा आहे, जी आपण व्हिसा हाती येईपर्यंत देऊन टाकू शकत नाही. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तेव्हा अर्ज शक्य तितका लवकर करावा आणि स्वस्त, अपरिवर्तनीय तिकिटे व्हिसा मिळाल्यानंतरच घ्यावीत, हा क्रम उलटू नये. त्याचप्रमाणे पॅरिसहून लंडनला जाऊन परत यावयाचे असेल, तर ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा तर हवाच, पण शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. बुडापेस्टहून बेलग्रेडला बसने जाऊन परतणाऱ्यासही शेंगेन व्हिसाची हीच शर्त लागू. एकप्रवेशी व्हिसावर बाहेर पडलेल्यास स्वस्त परतीचे तिकीट हाती असूनही सीमेवर अडकून पडावे लागते.

विमानाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. फ्रँकफर्टला विमान उतरणार म्हणून दोनच तासांनंतरच्या गाडीचे बांधीव तिकीट घेऊन ठेवणे धोक्याचे, कारण विमानाला झालेल्या उशिराची जबाबदारी रेल्वे घेत नाही. त्या एका प्रवासापुरते महाग, मोकळे तिकीट घ्यावे किंवा पुरेसे अंतर सोडावे. दोन गाड्या बदलावयाच्या असतील तर शक्यतो सलग तिकीट घ्यावे. मग पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तरी पुढे नेण्याचे उत्तरदायित्व रेल्वेवर राहते. निरनिराळ्या कंपन्यांची सुटी तिकिटे जोडून दहा युरो वाचविणाऱ्याच्या पदरात हे संरक्षण बहुधा पडत नाही. तिकिटावरील नाव पासपोर्टाबरहुकूम असावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून दिलेली कार्डे आरंभी देशांतर्गत व्यवहारांपुरतीच खुली असतात, म्हणून बँकेकडून परदेशी व्यवहाराची सोय आधीच सुरू करून घ्यावी. आणि चलनबदलावर बँक काय आकारते तेही खर्चात धरावे.

हे सर्व सांगून झाल्यावर एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. या दरपद्धतीत ज्याच्याजवळ वेळ, स्थैर्य आणि माहिती आहे त्याला सूट मिळते. आणि ज्याला नातलगाच्या आजारपणाची बातमी कळून त्याच रात्री निघावे लागते, ज्याच्या कामाच्या पाळ्या आठवड्या-आठवड्याला बदलतात, किंवा ज्याला ती भाषा येत नाही, त्याच्यावर सर्वांत मोठे भाडे पडते. १८४४ च्या कायद्याने ज्या माणसाचा कैवार घेतला होता, बहुधा तोच हा माणूस. लक्झेंबुर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून सर्व सार्वजनिक वाहतूक विनामूल्य केली, आणि जर्मनीने एका मासिक तिकिटात देशभरचा प्रादेशिक प्रवास बसविला, हे त्या विषमतेवर शोधलेले उपाय आहेत, आणि आपल्या देशातही गतिमान भाड्याची पद्धत पाय पसरीत असताना त्यांचा अभ्यास आपण करावयास हवा.

तोवर प्रवाशाने आपल्या परीने सावध राहावे. बेत करताना प्रथम स्वतःलाच विचारावे: वार बदलता येईल काय, वेळ बदलता येईल काय, रक्कम बुडाली तर सोसवेल काय, आणि शरीराला किती शीण झेपेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक निवृत्त माणसांना उदारपणे देता येतात, म्हणून वार आणि वेळ यांची मुभा त्यांनी खुशाल विकावी. व्हिसा हाती येईपर्यंत परताव्याची मुभा विकू नये, आणि सत्तरीच्या माणसाने रात्रीची झोप विकू नये. घरातील जाणत्या मुलांनी आईवडिलांसाठी तिकीट काढताना भाड्याच्या आकड्याच्या आधी या शर्ती वाचाव्यात आणि त्यांना समजावून सांगाव्यात. कारण गाडीत बसल्यावर त्या शर्ती पाळावयाच्या असतात त्या आईवडिलांना.